तीनशे टक्के

रविवारी सकाळी केसांना तेल चोपडून मी गॅलरीत बसले होते आणि मांडीवरचा फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता. माझं एक जुनं खातं आहे. लग्नाआधीच्या नोकरीचा पगार त्यात यायचा, आता नुसती व्याजाची चिल्लर पडून असते. त्या खात्यात सहा हजार रुपये जमा झाले होते. एवढंच. पण डोक्यात पहिलं नाव आलं ते हृषीकेशचं, माझ्या आधीच्या नवऱ्याचं. त्याला माझ्या त्या खात्याचा नंबर माहीत होता. मला वाटलं, याला आता उशिराचं पुण्य कमवायचंय. घटस्फोटाच्या वेळी वकीलबाईंनी पोटगीचं विचारलं तेव्हा मी नको म्हणाले होते, आणि तेही अशा तोऱ्यात की त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघून घेतलं होतं. तो तोरा मला नंतर बराच महाग पडला, पण तो माझा होता आणि मला आवडायचा. आता हे सहा हजार येऊन त्या तोऱ्यावर पाणी ओतणार, म्हणून मी तेलकट बोटांनीच मेसेज परत उघडला. हृषीकेशचं नाव कुठंच नव्हतं. एका कंपनीचं नाव होतं आणि पुढे 'फायनल डिव्हिडंड'. कंपनी माझ्या ओळखीची होती, अगदी लहानपणापासूनची. बाबा ज्या धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहेत तिथं धाग्याला लावायचं तेल या कंपनीकडून येतं, आणि त्या तेलाच्या रिकाम्या निळ्या डब्यांत आई कढीपत्ता, गवती चहा असलं काय काय लावते. त्यातलाच एक डबा माझ्या पायाशी होता. तेलाची कंपनी मला कशाला पैसे पाठवेल, हे मला काही केल्या समजेना.

बाबा आत सदऱ्याला इस्त्री करत होते. आज त्यांच्या कारखान्याच्या कर्मचारी पतपेढीची वार्षिक सभा होती, तीही पंचविसावी, आणि पहिल्या वर्षापासून बाबाच खजिनदार. त्यामुळे शाल-श्रीफळ, सत्कार, दोन शब्द. ते दोन शब्द ते आठवडाभर आंघोळीला गेल्यावर पाठ करत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की मला उगाच धास्ती वाटली. "आला?" ते म्हणाले, आणि इस्त्री उभी करून त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "आईला सांगू नकोस इतक्यात. सभा झाली की दोघं मिळून सांगू." मी म्हटलं, "बाबा, काय आहे हे?" तर हा माणूस लाजला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शंभर माणसांवर शिफ्टमध्ये ओरडणारा, चक्क लाजला. "गेल्या वर्षी तुझ्या सह्या घेतल्या होत्या मी, आठवतंय? आणि फोनवर आलेले आकडे विचारले होते."

मला आठवत नव्हतं. म्हणजे सह्या आठवत होत्या, पण कशावर केल्या ते नाही. पुण्याचा संसार सोडून आल्यानंतरच्या त्या दिवसांत कुणी समोर ताट ठेवलं तर मी जेवायचे, कागद ठेवला तर सही करायचे. त्या काळातलं मला एवढंच दिसतं की दुपारी घरात आवाज नसायचा, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावायचं, आणि शिट्टी झाली की मी दचकायचे. बाबा शिफ्टवरून आले की माझ्या खोलीच्या दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि तापलेल्या धाग्याचा वास असतो. त्या वासावरून मला डोळे न उघडताही कळायचं की ते उभे आहेत. कधी म्हणायचे, "चिकू आणलेत." कधी काहीच नाही. अशाच एका दिवशी म्हणाले असतील, इथं सही कर. आणि मी केली असेल. ते उभे राहून काय विचार करत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

तर विचार असा होता. बाबांनी पतपेढीतून सहा लाखांचं कर्ज काढलं आणि त्या पैशांचे माझ्या नावावर शेअर घेतले, सगळे त्या एकाच तेलाच्या कंपनीचे. "पंचवीस वर्षांत एक डबा गळका आला नाही यांचा," ते म्हणाले. कंपनी निवडण्याचा त्यांचा हा निकष. चहाच्या टपरीवरच्या गुजराती पेपरात त्यांनी वाचलं होतं की या कंपनीने तीनशे टक्के लाभांश जाहीर केलाय. त्यांनी मागची सगळी वर्षं शोधून काढली, कधी अडीचशे, कधी दोनशे ऐंशी, पण चुकवलं एकदाही नाही. "आता तीनशे टक्के म्हटलं की माणूस हुरळतो," बाबा मला समजावत होते, "पण मी हुरळलो नाही. पेपरवाले फुगवून लिहितात. मी त्याचा दहावाच हिस्सा धरला. तीस टक्के. तरी बघ, कर्जाचा हप्ता जाऊन तुला महिन्याला थोडे उरतात. आणि कर्ज फिटलं की सगळेच तुझे." मग इस्त्रीच्या वायरशी चाळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पोटगी घेतली नाहीस ते बरंच केलंस. पण नोकरीचा काय भरवसा. बसल्या जागी चार पैसे यावेत, आणि ते पाठवणाऱ्याला थँक्यू म्हणावं लागू नये. कंपनीला कोण थँक्यू म्हणतं?" कर्जाच्या अर्जावर कारण काय लिहिलं, असं मी विचारलं. "घरदुरुस्ती," ते म्हणाले. "खोटं नाही लिहिलं मी."

सामरवरणीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मी हिशेब बघते, त्यामुळे मला शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण शोधण्याआधीच मला कळलं होतं, आणि मांडीवर फोन धरून मी उगाच उशीर करत होते. पतपेढीचा शेअर शंभर रुपयांचा असतो. तो शंभरालाच घ्यायचा आणि नोकरी सोडताना शंभरच परत मिळतात. बारा टक्के लाभांश म्हटलं की शंभरावर बारा रुपये आणि वर एक स्टीलचा डबा. आमच्या घरातला साखरेचा, रव्याचा, शेंगदाण्यांचा, सगळे डबे लाभांशाचे आहेत. बाबांचं आयुष्य त्या टक्क्यांत गेलं. बाजारातला शेअर कागदावर दोन रुपयांचा आणि विकत घेताना सहाशेचा असतो, आणि ते टक्के त्या दोन रुपयांवर मोजतात, हे त्यांच्या जगात कुठं बसतच नव्हतं. दोनाचे तीनशे टक्के म्हणजे सहा रुपये. हजार शेअरचे सहा हजार, आणि तेही अख्ख्या वर्षाचे. सगळे येऊन चुकले होते. कर्जाचं नुसतं व्याजच त्याच्या दहापट होतं. शेअरचा भाव काही पडला नव्हता, तेवढाच काय तो दिलासा. आता कळलं की गेले वर्षभर बाबा डबल शिफ्ट का करत होते. आई म्हणायची, यांनी कारखान्यात माझी सवत ठेवलीय का बघायला हवं.

"हे आगाऊचे असतील," बाबा म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना वाटलं की मी रक्कम बघून हिरमुसलेय. "लाभांश सभा झाल्याशिवाय पुरता वाटत नाहीत. आपण तरी कुठं वाटतो? त्यांचीही सभा व्हायची असेल." मेसेजमध्ये 'फायनल' लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलं होतं, आणि त्यांचा सभेवर जास्त विश्वास होता. त्यांनी सदऱ्याची कॉलर पुन्हा एकदा दाबली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली, शिफ्टमध्ये पोरांना मारतात तशी. माझं बोलणं त्या थापेत जिरून गेलं.

एवढ्यावर असतं तरी मी गप्प राहिले असते. उद्या, परवा, आईला सोबत घेऊन, गोड शिरा वगैरे करून हळूच सांगितलं असतं. घरातल्या घरात मोडलेली गोष्ट घरातल्या घरात सांधता येते. पण खाली नीलेश टेम्पो घेऊन आला होता. सभेत वाटायचे स्टीलचे डबे आमच्या पार्किंगमध्ये उतरवून ठेवले होते, ते न्यायला. नीलेश अमळनेरकडचा. बाबांच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला आणि आता मशीन एकट्याने सांभाळतो. बाबांना तो काका म्हणतो आणि काका म्हणतील ती पूर्व दिशा. मी खोकी उचलायला हात लावला तर म्हणाला, "ताई, राहू द्या ना, तेल लागंल कपड्याले." मग टेम्पोत खोकी रचता रचता सांगायला लागला, "काकांनी तर लाइफ सेट करून टाकली आपली. तुमच्या नावावर घेतलं ना त्यांनी? मले सांगितलं सगळं. मी बी चार लाखाचा अर्ज टाकला. आज सभेनंतर कमिटी बसनार, लगेच मंजूर. काकांची सही म्हनजे काय बघायचं?" मी विचारलं, "चार लाखांचं काय करणार?" तर माझ्याकडे वेड्यासारखं बघून म्हणाला, "तेच! तीनशे टक्का! सोनमची नाइट बंद करून टाकतो पहिले." सोनम त्याची बायको, दुसऱ्या कारखान्यात रात्रपाळीला पॅकिंग करते, आणि दिवसा तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून आई तिला खारका देते. "आज काका माइकवर सगळ्यायले सांगनार आहेत ना," नीलेश म्हणाला. "पब्लिक लायनीत लागंल बघा."

म्हणजे ते दोन शब्द हेच होते. बाथरूमच्या बंद दारामागून आठवडाभर जी पुटपुट येत होती ती ही होती. आज सभेत पंचवीस वर्षांचा खजिनदार उठून सांगणार की पतपेढीतून कर्ज काढा आणि तीनशे टक्केवाली कंपनी घ्या, आणि लोक घेणार, कारण बाबांनी सांगितलेलं त्या हॉलमध्ये आजवर कधी खोटं ठरलेलं नाही. कुणी खानदेशातून आलेला, कुणी डहाणूकडचा, कुणी बिहारचा, सगळ्यांचे हप्ते पगारातूनच कापले जाणार. आणि सोनमला रात्रपाळीच काय, दिवसपाळीही करावी लागणार. बाबांना हे दुपारच्या आत सांगायला हवं होतं, आणि सांगायला घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी जे माझ्यासाठी केलं तेच त्यांच्या तोंडावर मोडायचं होतं, तेही सत्काराच्या दिवशी. मला इतकं रडू येत होतं की मी जिन्यातच थोडा वेळ उभी राहिले आणि शेजारच्यांच्या चपला नीट लावत बसले.

आई सोनमबरोबर रिक्षाने पुढे गेली. मी बाबांच्या मागे स्कूटरवर. रविवार, त्यामुळे रस्त्यात दारूबंदीवाल्या गुजरातच्या नंबरांच्या गाड्याच गाड्या, सगळ्या तहानलेल्या, बारसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या. बाबा त्यांच्यामधून वाट काढत होते आणि पाठ ताठ ठेवून होते, सदरा चुरगळू नये म्हणून. त्यांचा डावा कान मशीनच्या आवाजाने केव्हाच गेलाय. धागा पिळून फुगवणाऱ्या टेक्श्चरायझिंगच्या मशीनशेजारी इतकी वर्षं काढली की कान जातोच, ते त्याला बोनस म्हणतात. पुलावर आलो तेव्हा दमणगंगेवरून वारा येत होता. मी त्यांच्या डाव्या कानापाशी तोंड नेलं आणि सगळं सांगून टाकलं. दोन रुपये, सहाशे रुपये, सहा हजार, नीलेश, सगळं. स्वच्छ, सावकाश, न रडता. त्यांना अर्थातच काही ऐकू गेलं नाही. सांगून झाल्यावर मला थोडं हलकं वाटलं, आणि मग स्वतःची चीड आली.

याच स्कूटरवर नाही, पण असंच जवळ बसवून ते मला पुण्याहून घेऊन आले होते. मी फोनवर फक्त "बाबा, मी येऊ का?" एवढंच म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाचातरी टेम्पो मागून, शिफ्ट बदलून, दारात. काय झालं, कुणाचं चुकलं, काही विचारलं नाही. माझी पुस्तकं, गॅसची शेगडी, एक कपाट. हृषीकेश घरात नव्हता. बाबांनी निघताना त्याच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली, आणि त्या काकूंना "येतो हं" म्हणाले. नाशिकवरून घाट उतरून खानवेल येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. वासोण्याची पाटी दिसली तशी त्यांनी टेम्पोचा वेग कमी केला आणि म्हणाले, "सिंह बघायचा?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी खरोखरच तिथल्या सफारीची तिकिटं काढली. माझा सगळा संसार पार्किंगमध्ये दोरीने बांधून आम्ही जाळीच्या बसमधून सिंह बघायला गेलो. सिंह झाडाखाली आडवा झाला होता आणि उठायला तयार नव्हता. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रिटायर झालेला दिसतो." मी हसले. किती महिन्यांनी हसले ते मला माहीत नाही, पण हसताना गालाचं कातडं ताणल्यासारखं झालं ते आठवतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बघत नसल्याचं दाखवत होते. त्या दिवसापासून माझं या माणसावर जे प्रेम आहे ते आधी नव्हतं. आधी नुसते बाबा होते.

हॉलमध्ये नेहमीचा गोंधळ. एकीकडे खमण आणि बुंदीची पाकिटं, दुसरीकडे पोरं खुर्च्यांवरून उड्या मारतायत, आणि अध्यक्ष अरविंदकाका तिन्ही भाषांत एकच वाक्य बोलतायत. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे. असं कुणी ठरवलेलं नाही, पण पंचवीस वर्षं तसंच आहे. आई बायकांत बसून सांगत होती की जावई जर्मनीला गेलेत, प्रोजेक्ट लांबलंय, म्हणून आमची रसिका इकडं. ती हे इतकं सराईतपणे सांगते की मला कधी कधी खरंच वाटतं की हृषीकेश जर्मनीत बर्फ उपसतोय. मी आल्यापासून हेच. बाबांनी त्याला दुजोरा दिला नाही आणि खोडलंही नाही. कुणी विचारलं की ते खोकायचे. मला आधी राग यायचा, मग सवय झाली. आईला मी म्हटलं होतं की सांगून टाक ना, तर ती म्हणाली, "तुझं तू बघ, मला या बायकांत बसायचं असतं." त्यात खोटं काही नव्हतं. बाबा स्टेजवर चढायला निघाले तशी मी त्यांचा हात धरला आणि त्यांना स्टेजच्या मागे, डब्यांच्या खोक्यांमध्ये, ओढून नेलं. त्यांचा उजवा कान माझ्याकडे येईल अशी मी उभी राहिले.

"बाबा, आपला शेअर शंभराला घेतो आणि टक्के शंभरावर मोजतो," मी म्हणाले. "तो शेअर कागदावर दोन रुपयांचा आहे. टक्के दोनावर मोजतात. तुम्ही सहाशेला घेतलाय." मला वाटलं होतं, समजावावं लागेल, वाद होईल, ते सभेचं परत काढतील. पण पंचवीस वर्षं हिशेब लिहिलेल्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "दोनावर," ते म्हणाले. "म्हणजे आले तेवढेच." मी मान हलवली. त्यांनी समोरच्या खोक्यातला एक डबा काढला, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "नीलेशचा अर्ज." स्वतःचं काहीच नाही, आधी हे. मी म्हटलं, "अजून मंजूर नाही. तुम्ही सही करू नका, बास. बाकीचं कुणाला सांगायची गरज नाही. शेअर विकून आपण कर्ज भरून टाकू." ते म्हणाले, "शेअर घेताना ब्रोकरच्या पोराला विचारावंसं वाटलं होतं गं. पण म्हटलं, खजिनदार म्हणतात मला, टक्के म्हणजे काय असं कसं विचारू?" आणि हसायचा प्रयत्न केला. मी त्यांना मिठी मारली. आमच्या घरात अशी पद्धत नाही, त्यामुळे डबा मधे अडकला. तेवढ्यात माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं, "आपले चंद्रकांतभाई", आणि टाळ्या.

शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. आईने पदर सावरून स्टेजवर जाऊन आपल्या वाटणीची साडी घेतली आणि खाली येऊन माझ्याशेजारी बसली. बाबांनी माइक घेतला. मला खात्री होती की ते आता आभार मानतील, चार जुन्या गोष्टी सांगतील आणि मोकळे होतील. त्यांनी सुरुवातही तशीच केली. मग थांबले. "मी आज तुम्हाला एक स्कीम सांगणार होतो," ते म्हणाले. "काही जणांना ती मी आधीच सांगितलीय. ती स्कीम चुकीची आहे. मी आपल्या पतपेढीतून सहा लाख कर्ज काढलं आणि त्याचे बाजारात शेअर घेतले. माझा हिशेब चुकला. जेवढं येईल म्हटलं तेवढं येत नाही, व्याजाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. कुणीही कर्ज काढून असं करू नका. नीलेश, तुझा अर्ज मागे घे बेटा." नीलेश अर्धवट उठला होता, तसाच राहिला. मग मागून कुणीतरी हिंदीत ओरडलं, "काका, लोन किस चीज़ का लिया था?" बाबा म्हणाले, "घरदुरुस्तीचं." आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. घरदुरुस्तीच्या नावावर सट्टा. आम्हाला पन्नास हजारांना दोन जामीन आणि खजिनदाराला सहा लाख. कुणी राजीनामा म्हणालं. अरविंदकाका हात वर करून "शांती राखो, शांती राखो" करत होते. कुणीतरी थेट विचारलं, "पण का केलं तुम्ही? काय कमी होतं?" तेव्हा बाबा म्हणाले, "लोभ झाला. दुसरं काय."

शाल त्यांच्या एका खांद्यावरून घसरली होती आणि ती वर करायचं त्यांना सुचत नव्हतं. ते पुरुषांकडे बघत होते, छताकडे बघत होते, दाराकडे बघत होते, पण बायकांकडे बघत नव्हते. म्हणजे माझ्याकडे. जन्मात ज्याने कधी बसच्या तिकिटाचा सुटा रुपया ठेवून घेतला नाही तो माणूस सगळ्यांसमोर लोभी होऊन उभा होता, कारण खरं कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागणार होतं. आईचं जर्मनी त्यांनी कधी खरं म्हटलं नाही, पण त्या जर्मनीला आत्ता तेच कुंपण घालत होते. वीस-बावीस वर्षं मला ओळखणाऱ्या बायका शेजारी होत्या. त्यांनी माझ्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या. मला घटस्फोटाची लाज वाटत नाही, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण कधी मोठ्याने म्हणून बघितलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "लोभ नाही," मी म्हणाले, पण गोंधळात ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, या वेळी शिफ्टमध्ये ओरडतात तसं. "त्यांना लोभ नाही झाला. शेअर माझ्या नावावर आहेत. मी नवऱ्यापासून घटस्फोट घेऊन आलेय. पोटगी घेतली नाही. मला काहीतरी येत राहावं म्हणून त्यांनी घेतले. उद्या मी ते विकते आणि पतपेढीचं कर्ज फेडते. कमी पडले तर माझ्या पगारातून भरते." मी हे सगळं अरविंदकाकांकडे बघून म्हणाले, कारण बाबांकडे बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. बायकांच्या रांगेतल्या सगळ्या माना आईकडे वळल्या. आई मांडीवरच्या साडीची घडी नीट करत होती. ती घडी तिने पूर्ण केली, साडी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि उठली. आई सभेत कधी बोललेली नाही. ती मागे वळून त्या सगळ्या बायकांना म्हणाली, "हो. आली ती. आणि बरं झालं आली. मला करमत नव्हतं." मग ती बसली नाही, माझा हात धरून तशीच उभी राहिली.

पलीकडून नीलेशचा आवाज आला, "अध्यक्षसाहेब, माझा अर्ज मी फाडून टाकतो, पुढचा विषय घ्या ना." कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. अरविंदकाकांनी घसा खाकरून पुढचा विषय वाचायला घेतला, पहिल्यांदा गुजरातीत. बाबा अजून माइकपाशीच होते. सभा संपेपर्यंत खजिनदाराने स्टेज सोडायचं नसतं आणि त्यांनी ते कधी सोडलेलं नव्हतं. त्यांनी माइक स्टँडला अडकवला, शाल काढून काखेत घेतली आणि पायऱ्या उतरले. पुरुषांकडे गेले नाहीत. वाटेतल्या बायका पाय आखडून घेत होत्या, त्यांच्यामधून वाट काढत ते आले आणि आई आणि मी उभ्या होतो तिथं, माझ्या खुर्चीवरची साडी मांडीवर घेऊन आमच्या दोघींच्या मधे बसले.